अजून नाही

९ फेब्रुवारी

राजा,

तुझं पत्र पोचलं. मास्तरांच्या नावाने होतं, म्हणून आधी त्यांनी वाचलं आणि मग प्रार्थनेच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवलं. तुझी ओळ अजून तिरकी वर चढते म्हणाले. आई हसली. तिला आम्ही खुर्चीसकट उचलून आणलं होतं. पाय फार सुजलेत, आणि डोळ्यांना आता माणूस दिसत नाही, नुसती हालचाल दिसते. पण राजाचं पत्र आलंय म्हटल्यावर तिने आधी केस विंचरून मागितले.

तू सुटलास हे आम्हाला उडत उडत कळलं होतं. शीतगृहात काम मिळालं, खोली मिळाली, हे मात्र तुझ्याच पत्रातून कळलं. बरं वाटलं. सात वर्षं आत काढून आलेल्या माणसाला लोक दारातही उभं करत नाहीत, तुला कुणीतरी आत घेतलं. थंडी हाडात शिरते म्हणतोस, तर आतून जाड बनियन घालत जा, फुशारकी मारू नकोस.

आता मुद्द्याचं. "माझी बायको, माझी मुलगी, माझी आई वस्तीत आहेत, मला परत येऊ द्या," असं तू लिहिलंस. मास्तरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग नेहमीसारखे सगळे देवाचं ऐकायला डोळे मिटून बसलो. तूच म्हणायचास ना, ही खोली आधी साबणाचं कोठार होती म्हणून इथे देवालासुद्धा शिंक येते. तसाच वास अजून येतो. बाहेर साबणाची कढई रटरटत होती, तेवढाच आवाज.

मग पहिल्या बाकापासून एकेकाने सांगितलं. कोण काय म्हणालं ते खोलीबाहेर न्यायचं नाही हा नियम तुला ठाऊक आहे. एवढंच सांगते, एक सोडून सगळे "होय" म्हणाले. एकजण "अजून नाही" म्हणाला. आपल्याकडे सरळ "नाही" कुणी म्हणतच नाही. देवाने अजून मनात होय घातलं नाही, उद्या घालेल, असा त्याचा अर्थ. आणि एकाचंही अडलं तर काम अडतं. म्हणून पुन्हा बसणार आहोत. तोवर तू धीर धर.

कढईवर तुझ्या जागी आता एक नवा माणूस आहे. कॉस्टिक ओतताना तोंड फिरवायला विसरतो आणि मग दिवसभर खोकतो. मी अजून वड्यांवर छाप मारायच्या टेबलावर. हात आपोआप चालतात, डोकं मोकळं राहतं. डोकं मोकळं राहणं वाईट.

तुझी,
ताई

१७ मार्च

राजा,

तोलारकाकूंना परस्पर पत्र लिहिलंस, ते बरं केलं नाहीस.

त्यांचा चष्मा फुटलाय म्हणून त्यांनी ते माझ्याकडे वाचायला आणलं. मी वाचलं. "झालं ते झालं, तुमच्या नवऱ्याच्या मरणापायी मी सात वर्षं भरली, अजून किती दिवस मनात धरणार?" असं त्यात होतं. काकूंनी कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "उपाशी राहत असेल तिकडे. भुकेला माणूस असंच लिहितो." मग साबण गुंडाळायला बसल्या.

तुला वाटतं की "अजून नाही" काकूंचं आहे. मी तुला ते नाही असंही सांगू शकत नाही आणि हो असंही. पण अंदाजाने माणसावर तुटून पडू नये एवढं तरी तुरुंगात शिकला असशील असं मला वाटलं होतं.

दुसरी बैठक झाली. आधी दिवसभर उपास केला सगळ्यांनी. मास्तर म्हणाले, "आपण आपलं मत घेऊन आलो असू तर ते दाराबाहेर चपलांजवळ ठेवू या." पुन्हा तेच झालं. एक अजून नाही. त्या माणसाच्या शेजारी बाकावर हल्ली दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहते म्हणे. स्वयंपाकघरात तो माणूस शिरला की भांड्यांचा आवाज वाढतो. आपले लोक वाईट नाहीत, राजा, पण एकी मोडणारा माणूस म्हणजे दातात अडकलेलं कुसळ. जीभ सारखी तिथेच जाते.

घरचं ठीक. आईला औषधाने थोडा आराम पडतो. ती माझ्या हातचं खात नाही हल्ली, सूनबाईच भरवते. म्हातारपणाची लहर, दुसरं काय. सूनबाई तारेवर असते, म्हणजे साबणाच्या वड्या कापते. हात इतका सरळ बसलाय की पट्टी लावावी लागत नाही. मध्यंतरी कुणीतरी काहीतरी बोललं आणि ती खो खो हसली, तर सगळे वळून बघायला लागले. तिचं हसणं कुणाला माहीतच नव्हतं. मनी बाराची झाली. उंच झाली आहे, अंगावरचे कपडे महिन्यात तोकडे होतात. आता ती झोपेत दचकून उठत नाही.

पत्र मला लिही. काकूंना नको.

ताई

२ मे

राजा,

तुझं दुसरं पत्रही काकूंनी मला वाचायला दिलं. यावेळी मी त्यांना पुरतं वाचून दाखवलं नाही. "अक्षर लागत नाही" म्हटलं. तू त्यात लिहिलंस की वस्तीच्या फाटकाला कुलूप नाही हे तुला माहीत आहे. एका विधवा बाईला तू असं लिहिलंस.

म्हणून आता नियम मोडते. काकू पहिल्या दिवशी पहिल्या उठल्या. "माझ्याकडून होय, येऊ द्या त्याला" एवढंच बोलून खाली बसल्या. त्या खोलीत कुणाच्या डोळ्यांना पाणी आलं नसेल तर ते मास्तरांच्या मांजराच्या. काकूंनंतर सगळ्यांचं होय सोपं झालं. ज्याची जखम तीच बाई मलम लावते म्हटल्यावर इतरांनी काय खोड काढायची?

"अजून नाही" मी म्हटलं, राजा. दोन्ही वेळेला मीच.

बाक माझाच मोकळा आहे. आई माझ्याच हातचं खात नाही. म्हणते, "पाठच्या भावाला दार लावणारी तू, तुझ्या हातचा घास घशाखाली जात नाही." मी ताट सूनबाईकडे देते आणि बाहेर जाऊन उभी राहते.

तू विचारशील, का? ते तुला माहीत आहे. पण एकदा लिहून टाकते, म्हणजे आपल्या दोघांत ते असं उघडं पडून राहील.

तुझं पत्र आलं, तुला परत यायचं आहे हे वस्तीभर झालं, त्याच दिवशी बैठकीच्या आधी, संध्याकाळी मनी कुठे दिसेना. हाका मारल्या. शेवटी सुकवणीच्या खोलीत सापडली. सगळ्यात खालच्या मांडणीच्या मागे, भिंत आणि फळ्यांच्या मधल्या सांदीत, ओल्या वड्यांच्या वासात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी म्हटलं, "इथे काय करतेस गं?" ती म्हणाली, "पूर्वी मी इथे अख्खी मावायचे, आत्या. आता गुडघे बाहेर राहतात."

मी तिला ओढून बाहेर काढलं. घरी आणलं. सूनबाई चुलीपाशी होती. तिला वाटलं मी ओरडणार. मग तिने हळूच विचारलं, "ताई, येणार का हो ते?" मी म्हटलं, तुला काय वाटतं ते बैठकीत सांग. तर म्हणाली, "सगळ्यांचं एक होणार म्हणतात. माझ्यापायी मोडायला नको. काकूसुद्धा मोठं मन करून होय म्हणणार आहेत म्हणे, मग माझं काय घेऊन बसलात?"

आणि बैठकीत तिची पाळी आली तेव्हा तिने हजेरी दिल्यासारखं चटकन "होय" म्हटलं. मी तिच्या शेजारी होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

आपल्या कारखान्यात कुणाच्याही हातावर, गळ्यावर डाग असतो. कॉस्टिक उडालं म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. सूनबाईच्या अंगावर जेवढं उडालं तेवढं कढईवरच्या माणसाच्याही अंगावर उडालं नाही. आणि तू गेल्यापासून तिच्यावर एकदाही उडालेलं नाही.

तू बदलला असशील. मी नाही म्हणत नाही. तुझ्या पत्रात तसं लिहिलं आहेस, देव भेटला असंही लिहिलं आहेस. पण काकूंना लिहिलेली पत्रंही तुझीच आहेत.

मी बैठकीत कारण सांगितलं नाही. तिने नको म्हटलं आहे, तिचं ते तिच्याकडेच. म्हणून लोकांना वाटतं मी आकस धरून बसले आहे. वाटू दे.

ताई

२३ मे

राजा,

तुझ्या शिव्या मिळाल्या. त्यांना उत्तर देत नाही. लहानपणी तुला शिव्या आल्या की मी तुझं तोंड धुवायचे. आता हात पोचत नाही.

काल मास्तर छापाच्या टेबलापाशी येऊन बसले. इतरांना चहाला पाठवलं. फार थकलेत, राजा. म्हणाले, "तुझ्या आईचे दिवस भरत आले. मी तुला होय म्हण असं सांगत नाही. तू फक्त बाजूला उभी राहा. पाळी आली की काहीच बोलू नकोस. बाकीच्यांचं एक झालेलंच आहे."

मी विचारलं, "त्याला एकमत म्हणतात?"

ते म्हणाले, "अठ्ठावीस माणसांशी देव एक बोलतो आणि तुझ्या एकटीशी वेगळं बोलतो, असं तुला वाटतं का?"

"माझ्याशी तो बोलतच नाही, मास्तर," मी म्हटलं. "मी डोळे मिटून बसते तेव्हा मला काही ऐकू येत नाही. फक्त एक पोरगी दिसते, गुडघे पोटाशी घेतलेली."

त्यांना ते कळलं नाही. कळावं असं मी बोललेही नाही. ते बराच वेळ हातातली वडी फिरवत बसले. वडीवरचा छाप त्यांच्या अंगठ्याने पुसून गेला. मग म्हणाले की या वस्तीने आजवर आगीत, दुष्काळात सगळं एकमताने केलं, म्हणून टिकली. एका घरातल्या भांडणाने ती फुटली तर तो भार मी उचलणार का? मी म्हटलं, उचलते.

खोटं सांगत नाही, त्यानंतर मी मोरीत जाऊन रडले. मला एकच समजत नाही. सगळ्यांचं एक झालं की देव बोलला असं आपण म्हणतो. पण सगळे एकाच गोष्टीला भ्यायले तरी एक होतंच की. ते ओळखायचं कसं?

पण मी नुसती अडून बसलेली नाही. आजच्या बैठकीत मीच उठून मागितलं की राजाला एका दिवसासाठी येऊ द्यावं. आईला भेटू दे. मास्तर स्टँडवरून घेऊन येतील, आईजवळ हवा तेवढा वेळ बसू दे, दिवस मावळायच्या आत परत सोडतील. सूनबाई आणि मनी त्या दिवशी काकूंकडे राहतील. आईला गाडीत घालून तुझ्याकडे आणायचं मी आधी विचारलं होतं, डॉक्टर नको म्हणाले. रस्त्यातच काही झालं तर?

सगळे होय म्हणाले. मीही. सूनबाईही, आणि यावेळी तिचे हात उघडे होते.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने ये. आईला सांगितलं आहे. आईसाठी तरी बाकीचं गिळ. मला बघायचं नसेल तर मी कारखान्यात थांबेन.

ताई

१८ जून

राजा,

आई गेली. तार केली होती, ती मिळाली का कळलं नाही. माती देऊन झाली. वाट बघितली, पण उकाडा आहे, फार थांबता आलं नाही.

कसं झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं.

त्या रविवारी ती पहाटेपासून तयार होती. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायला लावली. मास्तर स्टँडवर गेले. तू "पाहुणा म्हणून येणार नाही, येईन तर घरचा म्हणून येईन" असं लिहिलेलं पत्र सोमवारी मिळालं. रविवारी आम्हाला ते ठाऊक नव्हतं. मास्तर दुपारच्या गाडीपर्यंतही थांबले. मग एकटेच परत आले.

ते दारात उभे राहिले तेव्हा आईला उजेडात नुसता आकार दिसला असेल. तिने दोन्ही हात पुढे केले. "राजा?" म्हणाली. मास्तर माझ्याकडे बघायला लागले. ते पुढे झाले, गुडघ्यावर बसले आणि तिच्या हातात हात दिले. ती ते चाचपत राहिली. म्हणाली, "किती गार झालेत रे हात. त्या बर्फात काम करतोस म्हणून." आणि मास्तर, ज्यांनी आयुष्यात खोटी सबबसुद्धा कधी सांगितली नाही, ते म्हणाले, "हो, आई."

बराच वेळ ती त्यांना धरून बसली. जेवलास का, एवढंच विचारलं.

ते गेल्यावर मी तिला अंथरुणावर घेतलं. पांघरूण घालत होते तेव्हा म्हणाली, "मास्तर चांगला माणूस आहे. खोटं बोलायची सवय नाही त्याला." आणि भिंतीकडे तोंड केलं.

रात्रीचं जेवण तिने माझ्या हातून घेतलं. नंतरचेही सगळे दिवस. तुझं नाव पुन्हा काढलं नाही. मी होय म्हणावं असंही म्हणाली नाही, नको म्हणावं असंही नाही. शेवटी शुद्ध नव्हती. सूनबाईने तिचे पाय मांडीवर घेतले होते.

मला वाटलं होतं तू येशील. एवढंच.

ताई

३० जुलै

राजा,

तू फाटकाशी आलास त्या दिवशी मी आत होते, लोकांनी मला बाहेर येऊ दिलं नाही. म्हणून पत्रात लिहिते.

भर दुपारी आलास. ट्रकमध्ये खोकी चढत होती. तू प्यायलेला होतास हे चालण्यावरून सगळ्यांना कळलं. तू सूनबाईला तिच्या नावाने हाक मारलीस. तिला नाव आहे हे आम्ही सगळे विसरलो होतो. आईने सूनबाई म्हटलं म्हणून वस्तीने सूनबाई म्हटलं. तिच्या हातातली तार सुटली. तिने जाऊन मनीला आधी शोधलं.

मग तू आईच्या नावाने रडायला लागलास. फाटकाला डोकं लावून. ते खोटं नव्हतं, मला आतून ऐकू येत होतं. काकूंनी तुला पाणी नेऊन दिलं, ते तू प्यालास. परतीच्या गाडीपर्यंत त्या तुझ्यापाशी धुळीत बसून राहिल्या.

त्या दिवसानंतर वस्तीचं मन पार विरघळलं. लोक माझ्याशी बोलायचेच बंद झाले. आई गेली, पोरगा वाऱ्यावर पडला, आणखी काय व्हायचं राहिलं आहे, असं माझ्या कानावर पडेल अशा बेताने बोलायचे. आणि मास्तरांनी बैठक बोलावली. ती काल झाली. नियम बाजूला ठेवून ती तुला जशीच्या तशी सांगते, कारण ती तुझ्याबद्दल होती.

मी ठरवून गेले होते, की यावेळी बोलणार नाही. बाजूला उभी राहणार. माझी ताकद संपली होती, राजा. हे तुला कळावं म्हणून लिहिते.

पण मास्तर उठले आणि म्हणाले, "आज मी होय का नाही ते विचारणार नाही. मी एका मरणाऱ्या बाईशी खोटं बोललो आणि तेव्हापासून मला या खोलीत प्रार्थना करता येत नाही. मला वाटलं, तिला हवं तेच बोलावं. आपण सगळे इथे एकमेकांना हवं तेच बोलतो का, हे मला जाणून घ्यायचं आहे. प्रत्येकाने एवढंच सांगा, तुम्ही होय म्हणालात ते का म्हणालात."

मग ट्रकवाला म्हणाला, "काकू होय म्हणाल्या, मग मी कोण?" त्याच्या बायकोने तेच सांगितलं. कढईवरचा नवा माणूस म्हणाला की तो नवा आहे, सगळ्यांच्या विरुद्ध कसा जाणार. कंपाउंडर म्हणाले, "म्हातारीकडे बघून." एक म्हणाला, जेवायची वेळ झाली होती. कुणी हसलं नाही. बाकामागून बाक असंच. अर्ध्यावर पोचेपर्यंत लोक मान खाली घालूनच बोलायला लागले. ज्याला आम्ही देवाचं बोलणं म्हणत होतो ते असं एकेकाच्या तोंडून बाहेर पडत होतं.

मग सूनबाईची पाळी आली. ती उठली. तिला उभं राहून बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. आवाज इतका बारीक होता की मागच्यांनी पुढे वाकून ऐकलं.

ती म्हणाली, "मी होय म्हटलं ते भीतीने. नाही म्हटलं असतं आणि तरी ते आले असते, तर मग माझं काय झालं असतं?"

एवढं बोलून ती थांबली. मला वाटलं खाली बसेल. पण ती काकूंकडे वळली.

"काकू, साबणाच्या वजनावरून भांडण झालं असं कोर्टात सांगितलं गेलं. वजनाचं काही नव्हतं. त्या दिवशी ते मला कढईच्या मागे मारत होते. काकांनी पाहिलं. काका मधे पडले. म्हणाले, तिच्यावर हात टाकायचा तर आधी माझ्यावर टाक. म्हणून त्यांनी काकांना ढकललं, त्यात काका गेले. मी तिथे होते. मी कुणाला सांगितलं नाही."

मलाही हे ठाऊक नव्हतं, राजा. तुझं बाकीचं सगळं मला ठाऊक होतं, हे नव्हतं.

बाहेर कढई चालू होती. काकू उठल्या. मला वाटलं आता त्या सूनबाईला काहीतरी बोलणार, आणि त्यांना तो हक्कही होता. त्या तिच्यापाशी गेल्या आणि तिचा हात धरून उभ्या राहिल्या. मग सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचं मी त्याला माफ केलं आहे. ते मी परत घेत नाही. पण हिचं माफ करणं माझ्या हातात नव्हतं, आणि तुमच्याही नव्हतं."

त्यानंतर मास्तरांनी शेवटी होय का नाही तेही विचारलं. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांनी नाही म्हटलं. "अजून" कुणी लावलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी तेच म्हटलं आणि माझ्या तोंडून ते सगळ्यात जड निघालं. कारण त्या खोलीत तुला अंगाखांद्यावर खेळवलेली मी एकटीच होते.

एकमत झालं. त्याचा आनंद कुणाला झाला नाही. शेवटचं गाणं म्हटलं नाही. बाहेर पडताना लोक सूनबाईला वाट देत होते, पण तिच्याकडे बघत नव्हते. आज मास्तरांनी बैठकीच्या खोलीची किल्ली काकूंकडे देऊन टाकली. आणि मनीने मला विचारलं, "आता नक्की ना?" मी नक्की म्हटलं. तू यापुढे फाटकाशी पुन्हा आलास तर लोक पोलिसांना बोलावणार आहेत, हेही ठरलं आहे. तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

देव नाही म्हणाला का, असं तू विचारशील. मला माहीत नाही. एक बाई घाबरत घाबरत खरं बोलली, एवढं मी पाहिलं. त्याहून मोठा आवाज मी त्या खोलीत ऐकलेला नाही.

तू वस्तीत येऊ शकत नाहीस. पण मी फाटकाबाहेर जाऊ शकते, मला कुणी अडवलेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येणार आहे. जेवण बांधून आणीन. पिऊन बसला असशील तर डबा ठेवून परत जाईन. नसशील तर बसेन, आणि तुला जे बोलायचं ते बोल, काकांचंही बोल. आईची खुर्ची मी ठेवली आहे, पण ती तुझ्याकडे आणणार नाही, ती मनीने मागितली.

तू माझा भाऊ आहेस. हे मी कुठल्याच बैठकीत विचारायला ठेवलेलं नाही.

येत्या रविवारी दार वाजवीन. उघडायचं की नाही ते तू एकट्यानेच ठरवायचं.

ताई